सात शिंका आणि होडी

९ जानेवारी

प्रिय मावशी,

शाळेत पत्राचा मायना पाठ केला होता, तो सगळा विसरले. तेव्हा नमस्कार इथेच पोचला असं समज आणि पुढे वाच.

तुझा फोन चार महिने बंद लागतोय. आई म्हणते, तू तो कपड्यांच्या कपाटात खालच्या खणात टाकलायस आणि विचारलं की "कानाला त्रास होतो" म्हणतेस. तुझ्या कानाला? तलावाच्या त्या टोकाला कोणी श्वास चुकवला तरी तुला इकडे ऐकू येतं! पण असो. फोन नाही तर पत्र. पत्राला एक बरं असतं, "हो हो, ठीक आहे, ठेवते" म्हणून ते ठेवून देता येत नाही.

आई असंही म्हणाली की सप्टेंबरपासून तू तलावावर गेलीच नाहीस, गुडघा दुखतो म्हणे. मावशी, गुडघे धरून येणाऱ्या माणसांना "पाण्यात गुडघ्याला वजनच नसतं, चला" म्हणत आत ओढणारी बाई तूच ना? मग गुडघा ठेव बाजूला.

चष्मेवाल्यांचं मला कळलंय. तुझ्या मोठ्यांच्या वर्गात असताना ते खोल पाण्यात गेले, जीवरक्षकाने बाहेर काढलं, दोन दिवस दवाखान्यात होते. आता ते बरे आहेत, आपल्या चष्म्याच्या दुकानात बसतात. तू मात्र बरी नाहीस, हे मला इतक्या लांबून दिसतंय.

मी कॉलेजात मुलांचं समुपदेशन करते ते तुला माहीतच आहे. गेल्या वर्षी न्यूरोफीडबॅकचं शिक्षण घेतलं. घाबरू नकोस, त्यात डोक्यात काही सोडत नाहीत. डोक्याला एक आणि कानांना दोन अशा तारा लावतात. मेंदूत जी अगदी बारीक वीज सतत चालू असते, ती यंत्र मोजतं आणि समोर पडद्यावर एक चित्र असतं. मेंदू जरा निवांत झाला की चित्र पुढे सरकतं, ताणला की थांबतं. आपल्याला आरशात पाहून केस नीट करता येतात ना, तसा हा आत बघायचा आरसा. माझ्याबरोबर शिकलेली एक जण तुझ्या घरापासून तीन थांब्यांवर बसते. मी स्वतः तुझ्यावर हे करू शकत नाही, आपल्या माणसांचं आपण करायचं नसतं. तिच्याकडे जाशील?

तुझी,
बेडकी


२१ जानेवारी

चि. बेडके,

पत्र वाचून पहिल्यांदा राग आला. मग जेवले, आणि दुसऱ्यांदा वाचलं. तुम्ही समुपदेशक लोक प्रश्न विचारता तेव्हा उत्तर आधीच खिशात घेऊन येता, हे बरं नव्हे.

गुडघा खरंच दुखतो. पण थोडाच. बाकीचं तुला लिहून सांगते, कारण तोंडाने सांगताना माझा आवाज बदलतो आणि तो मला आवडत नाही.

त्या दिवशी संध्याकाळच्या वर्गाला नऊ जण होते. चष्मेवाले नवीन, तिसराच दिवस. चष्मा काढला की त्यांना समोरचा माणूस नुसता रंगाचा ठिपका दिसतो. उथळ आणि खोल यांच्यामध्ये दोरी असते, ती त्यांना दिसली नाही, आणि पलीकडे गेले. मी क्षणभर दुसरीकडे पाहत होते. एकाने हाक मारली म्हणून वळले होते. पलीकडच्या कडेवरून जीवरक्षकाने उडी मारली. तीस वर्षांत माझ्या वर्गातल्या माणसाला दुसऱ्या कोणी बाहेर काढलंय, असं पहिल्यांदाच झालं.

आता तलावाच्या रस्त्याने बस निघाली की औषध टाकलेल्या पाण्याचा तो वास दोन चौक आधी नाकात शिरतो, खरा असो की नसो. मी उतरते आणि उलट्या बसने घरी येते. व्यवस्थापक भला माणूस आहे, माझी जागा मेपर्यंत राखून ठेवतो म्हणालाय.

तुझ्या त्या मैत्रिणीकडे जाईन. एका अटीवर: फोन कर म्हणायचं नाही. पत्रं चालतील. तुझं अक्षर अजून तितकंच वाईट आहे, ते पाहून बरं वाटलं.

मावशी


१९ फेब्रुवारी

चि. बेडके,

तीन गुरुवार झाले. अहवाल सादर करते.

तुझी मैत्रीण माझ्या अर्ध्या वयाची आहे आणि मला "तुम्हाला काय वाटतं?" असं इतक्यांदा विचारते की एकदा मी म्हटलं, "बाई, मला काय वाटतं ते मला ठाऊक असतं तर मी पोहत नसते का?" ती हसली. तेव्हापासून मला आवडायला लागली. मी तिला बाईच म्हणते आणि तीही मला बाई म्हणते. बाहेर बसलेल्याला वाटेल आत भांडण चाललंय.

खोली लहान. खिडकीत कुंडी, कोपऱ्यात हात धुवायचं भांडं. खुर्ची मात्र दंतवैद्याकडच्यासारखी. आधी टाळूवर थंडगार चिकट लेप लावतात, त्यावर तार. कानांना चिमटे. मी विचारलं, "कपडे वाळत घालताय की माणूस?" मग वीस मिनिटं पडद्यावर बघायचं, आणि मग अर्धा तास बोलायचं.

पडद्यावर तळं आहे आणि तळ्यात होडी. आता मला सांग, पाण्याला घाबरलेल्या बाईला तळं दाखवायचं हे कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं? बाई म्हणाल्या, जंगल आहे, विमान आहे, बदलू का? मी म्हटलं नको, होडीच राहू दे. मी काही इतकी गेलेली नाही.

पण होडी हलत नाही गं. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत वीतभर गेली. दुसऱ्या दिवशी दात आवळून बसले, तर पडदाच काळवंडला. बाई म्हणाल्या, जबड्याचा स्नायू आवळला की त्याचीच वीज मोजली जाते, यंत्र गोंधळतं. डोळे मिचकावले तरी रेघ उसळते. म्हणजे बसायचं, बघायचं, आणि काहीच करायचं नाही. तीस वर्षं शिट्टी फुंकून लोकांना हातपाय हलवायला लावणाऱ्या बाईला ही शिक्षाच.

बोलण्याचा अर्धा तास मात्र पटकन जातो. काय बोलले ते लिहीत नाही.

मावशी


२६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा बसमध्ये एकटीच हसले. शेजारच्या बाईंनी जागा बदलली.

होडी हलत नाही म्हणून तिला ढकलू नकोस. झोप जशी मारूनमुटकून येत नाही, तसंच हेही आहे. माझ्याकडे एक मुलगी येते, परीक्षेच्या नावाने तिचे हात गार पडतात. तिची पाच वेळा काहीच प्रगती नव्हती. सहाव्या वेळी ती कंटाळून नुसतीच बसली आणि चित्र पुढे गेलं. कंटाळा हा फार गुणी प्राणी आहे.

खरं सांगू? या यंत्राने कुणाला किती गुण येतो यावर जाणकारांचं अजून एकमत नाही. म्हणून बोलण्याचा अर्धा तास चुकवू नकोस.

बेडकी


२४ मार्च

माझी गुणाची बेडके,

होडी सुटली!

झालं असं. मधे बाईंचा कॉम्प्युटर बिघडला, दुरुस्तीला गेला, एक गुरुवार बुडाला. परत आल्यावर मी खुर्चीत बसले ती कंटाळूनच, तुझं ऐकून. आणि काय सांगू, होडी निघाली ती अशी, जशी मागून कुणी अलगद लोटली. आता तीन गुरुवार झाले, दर वेळी जाते. लाल तराफ्यापाशी एकदा थबकते, मग पुढे. मग दोन बगळे उडतात. मग पुलाखाली जरा अंधार, आणि पलीकडे पिवळी फुलं. तिन्ही वेळा त्याच तराफ्याशी थबकली. मी बाईंना म्हटलं, "बघा माझा मेंदू किती शिस्तीचा!" आणि परवा तर गंमतच झाली. त्या कुंडीतल्या फुलाने मला एकामागून एक सात शिंका आल्या. सात! तारा कानाला लोंबकळायला लागल्या. पण होडी ढळली नाही. इतकी मी आतून शांत आहे गं.

आता खरी बातमी. रविवारी सकाळी मी तलावाच्या थांब्यावर उतरले. आत गेले. कडेला बसले आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले. जीवरक्षक लांबून पाहत होता, जवळ आला नाही, शहाणा आहे. मी मनातल्या मनात होडी तराफ्यावरून पुढे नेली, बगळे उडवले, पुलाखालून काढली. पंधरा मिनिटं बसले. मधे उठले नाही.

व्यवस्थापकाला सांगून आले, एक मेपासून वर्ग घेते.

तुझे उपकार कसे फेडू? फेडतच नाही, माझ्या अंगावर राहू देत.

मावशी


३० मार्च

प्रिय मावशी,

पत्र मिळालं. पाय पाण्यात सोडलेस, याचा मला किती आनंद झाला ते लिहिता येत नाही.

दोन-तीन गोष्टी सहज विचारते. तू डोळे मिटलेस तर होडी काय करते? बोललीस तर? आणि बगळे नेहमी दोनच का? अभ्यासासाठी हवंय.

एक मे जरा लवकर नाही का होत? घाई नको.

बेडकी


८ एप्रिल

चि. बेडके,

हे काय पत्र की तार? आठ ओळी, त्यातल्या निम्म्या बगळ्यांच्या! तू लहानपणी बरणी फोडलीस की अशीच एकदम अभ्यासाचं बोलायला लागायचीस. काहीतरी लपवते आहेस. कुणी भेटलाय का? भेटला असेल तर ताईच्या आधी मला सांग. त्याला पोहता येतं का एवढंच मी विचारीन.

तुझ्या अभ्यासासाठी: डोळे मिटून उघडले तरी होडी पुढे गेलेलीच असते. बाईंशी बोलले तरी चालते. बगळे दोन, कधी तीन नाहीत. मिळालं? लिही वहीत.

मी काल गळ्यापर्यंत पाण्यात होते. गळ्यापर्यंत! पाणी छातीवर चढलं तेव्हा एकदा वाटलं, पळ. मग होडी आठवली. जिने सात शिंका पचवल्या तिला हे काय जड? उभी राहिले. चष्मेवाले पण आले होते, कडेला बाकावर चष्मा घालून बसले होते. सप्टेंबरनंतर आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर. ते म्हणाले, "बाई, तुम्ही सुरू केलंत की मीही येणार. दुसऱ्या कुणाकडे शिकायचं नाही मला."

मला रडू आलं. पाण्यात होते, म्हणून निभावलं.

मावशी


१४ एप्रिल

प्रिय मावशी,

कुणी भेटलेलं नाही. जे लपवत होते ते सांगते. हे पत्र बसून वाच.

ती होडी तुझी नव्हती.

शिंक आली की चेहऱ्याचे, मानेचे सगळे स्नायू एकदम आवळतात. रेघ उसळायलाच हवी, चित्र थांबायलाच हवं. एका शिंकेला थांबतं, तू सात दिल्यास. आणि तोच तराफा, तेच दोन बगळे. मला २४ मार्चचं पत्र वाचतानाच शंका आली. दुकानात विकायला ठेवलेल्या टीव्हीवर तेच ते चित्र फिरत असतं ना? तसं या यंत्रातही शिकवण्यासाठी एक नमुन्याचं चित्र असतं. कॉम्प्युटर दुरुस्त होऊन आला तेव्हा तो नमुनाच चालू राहिला. तारा तुझ्या डोक्याला होत्या, पण पडद्यापर्यंत तुझं काही पोचत नव्हतं.

आता माझी चूक. मला कळलं तेव्हाच मी तुला लिहायला हवं होतं. त्याऐवजी तुला बगळ्यांबद्दल विचारत बसले, आणि तुझं उत्तर आल्यावर तुझ्या बाईंना लिहिलं. त्यांनी त्याच दिवशी तपासलं, खरं निघालं. मी त्यांना विनवलं की एक मेपर्यंत मावशीला सांगू नका, ती पाण्यात उतरतेय, उतरू दे. त्या म्हणाल्या, "माझ्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला मी चुकीचं दाखवलं ते नकळत. आता दाखवलं तर ते जाणूनबुजून होईल." येत्या गुरुवारी त्या तुला सांगणार आहेत. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे.

मावशी, पाण्यात गळ्यापर्यंत तूच गेलीस. तिथे होडी नव्हती. हे मला खरंच वाटतं. पण ते आज माझ्या तोंडून तुला सारवासारवीसारखं लागेल, म्हणून पुढे लिहीत नाही.

बेडकी


१३ मे

बेडके,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. एक दिवस उशिरा.

गुरुवारी बाईंनी तारा लावल्याच नाहीत. समोर बसल्या आणि सगळं सांगितलं, एकदाही मान खाली न घालता. कॉम्प्युटर आल्यावर मी तपासायला हवं होतं, मी तपासलं नाही, असं म्हणाल्या. मी पर्स उचलली आणि दार आपटून आले. मग शुक्रवारी तुझं पत्र. त्यावरून कळलं की तुम्ही दोघी आठवडाभर माझ्यामागे माझी व्यवस्था लावत होतात. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून मी नाचत होते आणि माझी भाची सगळं जाणून गप्प! माझ्या डोळ्यांसमोर तुझी लहानपणीची ती फुटकी बरणीच आली.

एक तारखेला तलावावर गेले नाही. दोन आठवडे कुठेच गेले नाही. खालच्या धोबिणीने दोनदा वर येऊन विचारलं, बाई, कपडे देणार नाही का?

मग हळूहळू राग उतरला आणि त्याच्या खाली काय आहे ते दिसलं. तुझ्यावर आणि बाईंवर मी कुठल्या तोंडाने रागावतेय, असा प्रश्न पडला. कारण मीही खोटंच बोलले आहे. तुझ्याशी, व्यवस्थापकाशी, चष्मेवाल्यांशी. बाईंशी बोलतानाही तेवढा एक भाग मी दर वेळी ओलांडून जायचे.

मला कुणी हाक मारली नव्हती.

तलावावर फोन कपाटात ठेवायचा नियम मीच भिंतीवर लावलाय. त्या दिवशी तो माझ्या खिशात होता, कारण आदल्या दिवशी तू फोनवर रडली होतीस. वर्ग चालू असताना तो थरथरला. मी काढला. तुझा निरोप होता: "मावशी, मला हे काम जमत नाही. उद्या सोडते. तू फोन कर." मी उत्तर लिहायला लागले. "थांब, वेडे" एवढं लिहिलं होतं. मान वर केली तेव्हा पाण्यात आठ डोकी होती.

क्षणभर नव्हे गं. दोन ओळी वाचायला आणि दोन शब्द लिहायला जितका वेळ लागतो, तितका.

त्या संध्याकाळी घरी येऊन फोन खणात टाकला. तुला सांगितलं असतं तर तू जन्मभर तो निरोप स्वतःच्या गळ्यात बांधून फिरली असतीस, म्हणून नाही सांगितलं. असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे लाज वाटत होती.

आता तू काय म्हणशील ते म्हण.

मावशी


१८ मे

प्रिय मावशी,

पत्र कॉलेजात मिळालं. खोलीचं दार लावून घेतलं आणि बाहेर "पंधरा मिनिटांत येते" अशी पाटी लावली. पाऊण तास लागला.

त्या दिवशी तुझा फोन आला नाही म्हणून मी तुझ्यावर रुसले होते. आठवडाभर. मावशीला आता आपल्यासाठी वेळ नाही, असं आईजवळ म्हणालेसुद्धा. मग अपघाताचं कळलं आणि रुसवा विसरले, पण दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळच्या आहेत हे माझ्या लक्षातच आलं नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या मनाचं ऐकणारी मी!

तुला "तुझी काही चूक नाही" असं मी म्हणणार नाही. नजर तू काढलीस, आणि तुला ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तसंच, माझा निरोप चुकीचा होता असंही मी म्हणणार नाही. मला तेव्हा तूच हवी होतीस. तू तो वाचलास, लगेच वाचलास, हे आज कळलं आणि मी ढसाढसा रडले. दुःखाने नाही, निदान सगळं दुःखाने नाही.

नोकरी मी सोडली नाही, हे तुला दिसतंच आहे. दुसऱ्या दिवशी राजीनामा लिहायला बसले आणि ती गार हातांची मुलगी वेळ न ठरवता आली. तिचं ऐकता ऐकता संध्याकाळ झाली. कागद तसाच राहिला.

दोन आठवडे तुझ्यापासून लपवलं त्याची माफी मागते. पुन्हा असं करणार नाही. तुझ्याकडून हेच वचन मागत नाही, कारण तू मोठी आहेस आणि मला अजून तुझी भीती वाटते.

पुढे काय करणार आहेस?

बेडकी


२२ जून

चि. बेडके,

पुढे काय करणार, विचारलं होतंस. केलं, मग लिहायला बसले.

आधी व्यवस्थापकाकडे गेले. खरं काय ते सांगितलं. तो बराच वेळ पेनचं टोपण लावत-काढत बसला. मग म्हणाला, "हे सप्टेंबरमध्ये सांगितलं असतंत तर बरं झालं असतं." माझा वर्ग गेला. सहा महिने दुसरीच्या हाताखाली मदतनीस म्हणून काम करायचं, मग पुढचं पुढे. ही दुसरी म्हणजे माझ्याच हाताखाली शिकलेली पोरगी. ती मला "अहो बाई, जरा ती तरंगायची फळी उचलता का" म्हणताना लाजून लाल होते. मी उचलते. बरोबरच झालं हे. मी त्याच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं, कदाचित जरा मोठ्या आवाजात.

मग चष्मेवाल्यांच्या दुकानात गेले. दोन गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबले आणि सांगितलं, फोन हातात होता, भाचीचा निरोप आला होता. ते हातातली काच पुसत राहिले, स्वच्छ झाली तरी पुसत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील निघा. तर त्यांनी विचारलं, "तिला उत्तर दिलंत का?"

मी म्हटलं, "नाही. अर्धंच लिहिलं होतं."

"पोरगी एकटी होती का तेव्हा?"

"हो."

"मग ते आधी पूर्ण करा," म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मला राग आलाय, बाई. दोन-चार दिवस राहील. पण शिकायचं आहे मला तुमच्याकडेच." दोन-चार दिवसांचे बारा दिवस झाले, पण आले.

उत्तर पूर्ण करते. थांब, वेडे. एवढ्यात सोडू नकोस. तुला जमतंय. जमत नसतं तर एवढं रडली नसतीस. नऊ महिने उशीर झाला आणि तू आधीच थांबलीस, तरी पोचू दे.

बाईंकडेही परत गेले. दार आपटल्याबद्दल मी सॉरी म्हटलं, त्या परत सॉरी म्हणाल्या, असं दोन-तीनदा झालं आणि मग दोघींना हसू आलं. आता तारा लावल्या की त्या आधी मला डोळे मिचकवायला सांगतात. रेघ उसळली की मगच होडी सुरू. बेडके, माझी खरी होडी अगदीच गचाळ आहे. थांबते, मागे बघितल्यासारखी करते, पडदा काळवंडतो. गेल्या गुरुवारी अकरा मिनिटं जागची हलली नाही. मग हातभर गेली. मी ओरडले, "गेली!" आणि ओरडल्याबरोबर थांबली. आता तो एक भाग ओलांडून जात नाही मी, सगळं बोलते. यंत्राने बरी होतेय की बोलण्याने, ते बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला सांगता येणार नाही." हे उत्तर मला फार आवडलं.

काल चष्मेवाल्यांना पाठीवर तरंगायला शिकवलं. ती पोरगी कडेवर उभी होती, पाण्यात मी होते. छातीभर पाणी. त्यांच्या पाठीखाली माझा हात.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. तीस वर्षं मी सगळ्यांना "हात आहे हं पाठीखाली" असं म्हणत म्हणतच हात काढून घेत आले. माणूस तरंगत राहतो, मग त्याला सांगायचं. तुलाही तसंच शिकवलं. सगळे खूश होतात, त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. काल वाटलं. मी म्हटलं, "हात काढणार आहे. आधी सांगून काढते."

ते म्हणाले, "थांबा." छताकडे बघत तीन श्वास घेतले. त्यांना छत नुसतं पांढरं दिसत असणार. मग म्हणाले, "काढा."

मी काढला.

एक श्वास तरंगले. दोन. तिसऱ्याला कंबर खाली गेली, तोंडावर पाणी आलं आणि ते बुडाले. माझे पाय फरशीला चिकटले असं वाटलं. पण हात माझ्या आधी निघाला होता. मानेखाली एक, काखेत एक, आणि डोकं वर. सगळं मिळून दोन सेकंद असेल. मी नजर काढली नव्हती.

ते खोकले, नाकातलं पाणी शिंकरलं, आणि माझ्याऐवजी खांबाकडे तोंड करून म्हणाले, "बाई, आहात ना?"

म्हटलं, "इकडे. उजवीकडे आहे."

वळले. डोळे लाल झालेले. मी हात तसाच धरून ठेवला होता. म्हटलं, "आजच्यापुरतं पुरे करू या?"

ते म्हणाले, "नाही. परत."

मग आम्ही परत केलं.

तुझी,
मावशी